खेकड्याचा नवा शंख

आमच्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बोराएवढा खेकडा राहतो, तोही दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात. पन्नाशीत मला त्याचा हेवा वाटतो. बायको त्याच्या पाण्यातलं मीठ रोज मोजते, माझ्या आमटीत अंदाजाने टाकते. वाढत्या अंगाला शंख अपुरा पडेल म्हणून मोठा शंखही तिने आधीच ठेवलाय.

काल तो शंख बदलू लागला. ती श्वास रोखून बघत होती. नवा शर्ट घालून मीही शेजारी उभा राहिलो.

"अहो, सरका. त्याच्यावर सावली पडतेय."

मी सरकलो.

"आणि हा शर्ट पोटावर ताणतोय," ती मान न वळवता म्हणाली. "कपाटात मोठा आणून ठेवलाय मी."

तो शर्ट अगदी मापात बसला. हेवा मात्र राहिलाच. मी शर्ट बदलताना बाहेरून हाक आली होती, "आटपा लवकर."