गळ्यातलं यंत्र

देवराम निकम यांनी ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं पंखांना रिवेट मारले. निवृत्त होऊन नाशिकला आले आणि त्यांना उद्याच्या जगाच्या सिनेमांचा नाद लागला. मारामारीचे नव्हेत, संथ सिनेमे. त्यांतली माणसं काहीतरी गमावून बसलेली असतात, आणि ते त्यांच्या गावीही नसतं.

"असलं उदास कशाला बघता?" बायको, लताबाई, विचारायच्या.

"उदास नाही वाटत गं. बघून जिना उतरलो की सोसायटीतला आपला कडुलिंबसुद्धा नवा दिसतो."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला. सिनेमातल्या शहरात प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटं यंत्र. माणसाच्या मनातलं तेच बोलणार, गोड आवाजात, न चुकता. स्वतःच्या तोंडाने बोलायचं सगळे कधीच विसरलेले. एक म्हातारी यंत्र काढून ठेवते आणि कोरड्या नदीच्या पात्रातून चालत राहते. मागे फिकट, दुधाळ आभाळ. शेवटी ती तोंड उघडते, आणि आवाज फुटण्याआधीच चित्र थांबतं.

तोवर हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. लताबाईंचा डोळा लागला होता. दाराशी फक्त तानुबाई बसलेल्या. त्या हॉल झाडायच्या. सुरगाण्याहून द्राक्षबागेच्या कामाला आल्या आणि मुलापाशी शहरातच राहिल्या, त्याला पंधरा वर्षं झाली.

"दादा, ती काय बोलली?"

"ते दाखवलं नाही, तानुबाई."

"मंग आपुन बोलायचं का?"

देवरामांनी तो सिनेमा सात वेळा पाहिला होता. हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते काही बोलायच्या आत तानुबाई बसल्या जागी हळूच गाऊ लागल्या. पाण्यात उभं राहून भाताची रोपं लावताना म्हणायचं आवणीचं गाणं, डोंगरातल्या त्यांच्या बोलीतलं. पांढऱ्या पडद्यावर खिडकीच्या फटीतून आलेलं ऊन हलत होतं, आणि देवरामांना त्या हॉलमध्ये पोटरीभर पाणी साचल्यासारखं वाटलं. लताबाई जाग्या झाल्या, पण हलल्या नाहीत.

चार ओळींनंतर तानुबाई थांबल्या. "फुडचं नाय येत. हितं कुनापाशी म्हनू?"

पुढच्या महिन्यात त्या दोन दिवसांची सुट्टी काढून जीपने गावी गेल्या, थोरल्या बहिणीला विचारायला. बहिणीला आणखी दोन ओळी येत होत्या. पुढच्या कुणालाच येत नव्हत्या.

"मंग आमी दोघींनी एक नवी घातली," त्यांनी परत आल्यावर सांगितलं, थोडं लाजून.

"कोणती?"

त्यांनी म्हणून दाखवली. देवरामांना तिचा अर्थ लागला नाही, त्यांनी विचारलाही नाही.

आता दर रविवारी आठ-दहा जण येतात. सिनेमा संपल्यावर खिडक्यांचे पडदे लगेच कोणी बाजूला सारत नाही. त्या मंद अंधारात कोणीतरी आपल्याला आठवेल ते बोलतं, बाकीचे ऐकत बसतात.