बाराच्या शोची मधली खुर्ची

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेताचे किस्से सांगणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केली आहे, तेव्हा आता तुम्ही माझी करा... हरकत नाही.

मी नाचणगावला एकटा राहतो. बायको गेली, मुलगा पुण्याला. दर शुक्रवारी शेजारच्या पुलगावात एका जुन्या टॉकीजमध्ये बाराचा शो बघतो. तिथे फक्त 'ए' सर्टिफिकेटचे, म्हणजे प्रौढांसाठीचे सिनेमे लागतात. जंगलात माणसं माणसांना खातात, रक्ताच्या चिळकांड्या उडतात, आणि सिनेमा परदेशी असूनही सगळे हिंदीत बोलतात. खरं सांगतो, सिनेमा निमित्त. घरात दुपार जात नाही.

तिथला एक रिवाज आहे. तोंडाला दुपट्टा बांधून यायचं, अंधार झाला की सोडायचा. दोघांत एक खुर्ची मोकळी ठेवायची आणि कोणी कोणाला ओळखायचं नाही. माझ्या बाजूच्या मोकळ्या खुर्चीपलीकडे एक गृहस्थ बसायचे. अकरा वर्षं! पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा पाठ झाला होता, बोललो एकदाही नाही. तरी ते आले नाहीत की मला करमायचं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. हॉलमध्ये जेमतेम पाच-सहा जण होतो. पडद्यावर सर्टिफिकेट आलं आणि ते येऊन बसले — मधल्या खुर्चीवर. अगदी खेटून, खोबरेल तेलाचा वास येईल इतके. हळूच म्हणाले,

"भाऊ, अकरा वर्षं झाले, बाजूले बसून राह्यलो. नाव तं सांगा तुमचं."

सांगायचं होतं हो. ओठांपर्यंत आलं होतं. पण उद्या यांनी भर बाजारात हाक मारली तर? गुरुजींची अब्रू... मी पडद्याकडेच बघत राहिलो. थोड्या वेळाने वळलो, तर खुर्ची रिकामी.

शनिवारी पेपरात, निधनवार्तांमध्ये त्यांचा फोटो होता. नामदेवराव. नाव तेव्हा कळलं. गुरुवारी पहाटे गेले, दुपारी अंत्यसंस्कारही झाले होते. आणि माझ्याजवळ बसले ते शुक्रवारी. तारीख मी दहादा वाचली.

तेरवीला गेलो. त्यांचं घर माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर निघालं. मुलाने पाणी दिलं आणि विचारलं,

"काका, तुम्ही बाबाले कसे ओळखत होते?"

"ओळखत नव्हतो," मी म्हणालो. "पेपरात वाचलं, म्हणून आलो."

त्या शुक्रवारी कोण बसलं होतं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला एवढंच कळतं — बायको गेल्यापासून माझं नाव आपणहून विचारणारा तो एकच माणूस, आणि मी त्याला दोनदा नाकारलं.