डावीकडचं बटण

कांदिवलीची आमची जुनी बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा आई, बाबा आणि मी मालाडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तिथे ओट्यावर घरमालकाची शेगडी होतीच, म्हणून आईने आपली शेगडी जुन्या चादरीत गुंडाळून बाल्कनीत ठेवली. नवं घर मिळालं की काढू, म्हणाली. बिल्डरने इतकी वर्षं लावली की आई मालाडच्या त्या खोलीतच वारली, आणि शेगडी चादरीतच राहिली.

यंदा एकदाची चावी मिळाली. घरमालकाला महिनाअखेरीस जागा रिकामी हवी होती. खोकी बांधून झाली, टेम्पो सांगून झाला, आणि बाबा अडून बसले. नव्या घरात पहिलं दूध उतू घालायचं ते आईच्याच शेगडीवर. नवी काचेची शेगडी मी आणून ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण संप करायची सवय काही त्यांची गेली नाही.

"तिच्या शेगडीर दूध उतू गेल्याशिवाय मी थंय ऱ्हवाक येवचंय नाय," म्हणाले, आणि पेपर उघडून बसले. हे बोलणं पोकळ नाही हे मला माहीत होतं. आईच्या मागे ते या खोलीत एका खुर्चीला धरून राहिले होते. तिथून त्यांना उठवायचं तर त्यांच्या मनासारखंच व्हायला हवं होतं.

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, ते असं. रविवारी बाल्कनीत बसून चादर सोडली. पाय गंजलेले, बर्नर आपापल्या जागी चिकटून बसलेले, जाळ्या हिरव्या-काळ्या झालेल्या. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली, तर त्याने हात न लावताच हिचे भाग आता मिळत नाहीत म्हणून सांगितलं. शेगडी घेऊन परत जिना चढताना मला स्वतःचीच दया आली. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. शेगडी पाहावी खोलून, हे कोणी सांगत नाही.

मग रोज ऑफिसातून आले की कुकर लावायचा, बाबांच्या गोळ्या द्यायच्या आणि पक्कड घेऊन बसायचं. गंज सोडवायच्या तेलाचे थेंब सोडून, ठोकून, ओढून बर्नर निघाले. पितळेचे ते बर्नर चिंचेत भिजवले आणि सुईने एकेक भोक मोकळं केलं. पत्र्याचा गंज घासून बोटांची सालं निघाली. ऑफिसात शेजारणीने विचारलं, हाताला काय झालं, तेव्हा सांगायचाही कंटाळा आला.

सगळं सुटलं, फक्त डावीकडचं बटण सुटेना. उजवीकडचं सहज फिरत होतं, हे जागचं हलत नव्हतं. तेल सोडलं, पक्कडीने पिळून पाहिलं, दोन शिव्याही दिल्या. बटणाच्या मागे लाल तांबूस गंजाचा जाड थर बसला होता. तो मी स्क्रूड्रायव्हरने खरवडत होते, खपल्या कागदावर पडत होत्या, आणि कागद भरला की केराच्या डब्यात.

बाबा चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या दारात आले. कागदावरची एक खपली त्यांनी उचलली, तळहातावर चोळली, आणि वास घेतला.

"गंज न्हय गो ह्यो. कुंकू आसा तां."

मी खपल्या उजेडात धरल्या. लाल थर, त्याखाली पिवळा, परत लाल. आई दर दिवाळीला पहिली करंजी तळण्याआधी शेगडीची पूजा करायची. ओलं हळदकुंकू ती डावीकडच्या बटणालाच लावायची, कारण हात रोज तिथे लागतो. शेगडी रोज घासून लख्ख करायची, पण तेवढी जागा तिने कधी पुसली नाही. ते पाणी बटणामागे झिरपत गेलं, त्यावर तळणाचं तेल बसलं, आणि चादरीत इतकी वर्षं पडून सगळं वाळून दगड झालं. तिचं निम्मं हळदकुंकू मी केरात टाकून बसले होते.

मला रडू आलं, आणि रागही आला. बाई स्वतः गेली निघून, आणि आम्हाला ठेवलं हे खरवडायला. बाबा चहा माझ्यासमोर ठेवून आत गेले.

गंज नाही म्हटल्यावर तेल काय कामाचं? कोमट पाण्यात फडकं भिजवून बटणाला गुंडाळलं, गार झालं की पुन्हा भिजवलं. हळूहळू लालपिवळं पाणी ओघळायला लागलं आणि बटण कुरकुरत फिरलं. मग बटणाने फिरतो तो गॅसचा आतला कॉक साफ करून ग्रीस भरलं, नवी नळी लावली, साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं आणि शेगडी पेटवली. निळी ज्योत आली. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त आडवं व्हावंसं वाटलं.

नव्या घरात पाइपचा गॅस अजून आलेला नव्हता, तेव्हा सिलिंडर सोबत नेला. रिकाम्या ओट्यावर आईची शेगडी मांडली. बाबांनी पातेल्यात दूध ओतलं, आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. आईने आयुष्यभर दूध उतू जाऊ नये म्हणून धावाधाव केली, आणि आज ते मुद्दाम घालवायचं होतं. दूध फुगलं, वाहिलं, मी घासलेल्या बर्नरवर सांडलं आणि ज्योत विझली. मी झटकन डावीकडचं बटण बंद केलं. ते लोण्यासारखं फिरलं.

मी फडकं घेतलं, तर बाबांनी हात आडवा धरला. आईचा करंडा त्यांनी पिशवीतून काढला, बोट पाण्यात बुडवलं, आणि हळदकुंकू डावीकडच्या बटणाला लावलं. जरा जास्तच लागलं. पाणी ओघळून बटणामागे गेलं.

"बाबा, परत घट्ट बसेल ते," मी म्हटलं.

"बसांदे. तू आसस मां सोडवूक."

माझे गुडघे दुखत होते, बोटांची सालं अजून भरली नव्हती. मी होय म्हटलं. काचेची शेगडी अजून खोक्यातच आहे.