टोकनाला शेंडी असते का?

आमच्याकडे रेल्वेच्या आधी रेल्वेचं संग्रहालय आलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही नुकतेच कोपरखैरण्याला राहायला आलो होतो. तिथे तेव्हा रस्ते होते, रस्त्यांवर खांब होते, खांबांवर कधीकधी दिवेही लागायचे. पण आगगाडी बघायची तर बसनं ठाण्याला जावं लागे. अशा मुलखात मोडक मास्तर नावाच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी शेजारच्या तळवली गावात पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि तिच्यावर पाटी ठोकली : 'रेल्वे संग्रहालय. वेळ : गाडीनुसार.' (कुठली गाडी, हे विचारायची हिंमत कोणी केली नव्हती.)

एका रविवारी मी जाहीर केलं, "आज सगळे संग्रहालय बघायला जायचं. सोनलला ज्ञान मिळेल."

सोनल म्हणजे माझी सात वर्षांची मुलगी. ज्ञान तिला माझ्याकडूनच मिळावं अशी माझी इच्छा असे आणि ते तिच्याकडे आधीच असे, ही माझी अडचण होती. बायको शैला लगेच तयार झाली. आईनं मात्र अट घातली.

"तळवलीला चाललोच आहोत, तर गावदेवीची ओटी भरून येऊ. सहा महिने झाले इथे येऊन, देवीला साधा नारळ नाही दिलास तू!"

"आई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे."

"तुझा नसू दे. देवीचा तुझ्यावर असला म्हणजे झालं."

तिनं कापडी पिशवीत खण, तांदूळ आणि चांगला शेंडीवाला नारळ भरला आणि आमची वरात निघाली.

शेडच्या दारात मोडक मास्तर भर उन्हात पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावून उभे होते. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती डबे?"

"अं? चौघं आहोत."

"चार डबे. ड्रायव्हर कोण?"

मी छाती पुढे काढली. शैलानं मान दुसरीकडे वळवली.

मास्तरांचा कारभार अगदी नियमानं चाले. शेडच्या एका टोकाला 'तळवली' स्टेशन, दुसऱ्या टोकाला 'कोपरखैरणे' स्टेशन, मधे रुळाचा हातभर तुकडा, कंदील, झेंडे, तिकिटांची कपाटं. दोन्ही टोकांना एकेक लाल लोखंडी यंत्र. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून या यंत्रातून धातूचा एक गोळा निघतो, त्याला म्हणायचं टोकन. ते ज्याच्या हाती, त्याचीच गाडी पुढे जाणार. पलीकडच्या यंत्रात ते पडल्याशिवाय दुसरं टोकन बाहेर येत नाही. "एक आत, तरच दुसरं बाहेर!" मास्तर बोट उंचावून म्हणाले. त्यामुळे संग्रहालयात एका वेळी एकच कुटुंब घेत. मागे एक कुटुंब टोकन घेऊन वडे खायला गेलं होतं, तेव्हा गावातल्या भजनी मंडळाला तासभर सिग्नलबाहेर उभं राहावं लागलं होतं म्हणे!

मास्तरांनी गोळा चामड्याच्या पिशवीत घातला, पट्टा आवळला आणि पिशवी वेताच्या कड्यासकट माझ्या खांद्याला अडकवली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "जपा हं. आज रेल्वेचे साहेब तपासणीला येतायत. ह्या सगळ्या वस्तू वर्षभराच्या बोलीवर दिल्यात मला. एक जरी कमी निघाली, तर ट्रक येऊन सगळं उचलून नेईल. मग मी घरी बसून काय करू, सांगा?"

बोलता बोलता ते एक स्वच्छच असलेला कंदील पुसत होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"मास्तर, टोकन माझ्या हातात आहे. निर्धास्त राहा."

"पिशवीतून बाहेर काढायचं नाही."

"छे छे!"

मास्तर घंटा वाजवायला पलीकडच्या स्टेशनात गेले आणि मी टोकन पिशवीतून बाहेर काढलं. (सोनलला ज्ञान द्यायचं होतं ना!) चांगला हात भरेल एवढा जड गोळा. मी त्याच्यावर व्याख्यान सुरू केलं आणि इंग्लंडच्या राणीपर्यंत पोचतो न पोचतो तोच मास्तरांची पावलं वाजली. आता पट्टा आवळायला वेळ कुठला? शेजारी आई उभी होती. मी गोळा तिच्या कापडी पिशवीत सोडून दिला आणि रिकामी चामडी पिशवी पाठीमागे धरून हसत उभा राहिलो.

"आता सिग्नल!" मास्तर म्हणाले. दिव्याचे रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी दार लावलं आणि खिडकीवर काळं कापड सोडलं. मिट्ट काळोख! सगळे लाल-हिरव्या दिव्याकडे बघत 'वा, वा' करत होते. मी ती संधी साधली. आईच्या पिशवीत हात घातला, गोल आणि टणक असं जे हाताला लागलं ते उचललं आणि चामडी पिशवीत कोंबलं. जरा हलकं वाटलं. पण म्हटलं, सवय झाली. एक दोरीसारखं काहीतरी बाहेर येत होतं, तेही बोटानं आत ढकललं आणि पट्टा आवळून टाकला.

खिडकीवरचं कापड वर गेलं. सोनल माझ्या काखेतल्या पिशवीकडे बघत होती. पट्ट्याखालून दोरीचं टोक पुन्हा बाहेर आलं होतं.

"बाबा, टोकनाला शेंडी असते का?"

"असते. रेल्वेत सगळ्याला दोरी असते. उगाच प्रश्न विचारू नयेत."

मास्तर माझ्यावर खूष होते. "काय रुबाबात टोकन धरलंयत तुम्ही! असं करा, गाडी आता इथेच थांबवू. साहेब आले की त्यांच्या हातानंच टोकन आत घालू."

"मग तू थांब," आई म्हणाली. "देऊळ एकला बंद होतं. आम्ही ओटी भरून येतो." जाताना तिनं पिशवी उचलली, जरा थबकली, आत डोकावली आणि एकदम माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. ऊन फार असेल, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं साहेब आले. उंच, करड्या मिशांचे, हातात वस्तूंची यादी. कंदील मोजले, झेंडे मोजले, प्रत्येक वस्तूपुढे खूण केली. मास्तर श्वास रोखून मागे मागे. शेवटी साहेब म्हणाले, "टोकन?"

मी पुढे होऊन अदबीनं पिशवी दिली. साहेबांनी पट्टा सोडला, आत हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

साहेब नारळाकडे बघत होते. मास्तर माझ्याकडे बघत होते. नारळ त्याच्या तीन डोळ्यांनी बहुतेक आम्हा सगळ्यांकडे बघत होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

आयुष्यात मला वेळेवर कधी काही सुचलेलं नाही. त्या दिवशी सुचलं. "साहेब, आधी शुभारंभ! आपल्या हस्ते!"

साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. मिशा थरथरल्या. "माझ्या हस्ते?" ते म्हणाले. "इतकी वर्षं नोकरी केली, पण नारळ नेहमी मोठ्या साहेबांनीच फोडला हो! मी आपला बाजूला तबक धरून!"

त्यांनी बूट काढले, डोळे मिटले आणि रुळाच्या तुकड्यावर एका फटक्यात नारळ फोडला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. माझा तर जीवच भांड्यात पडला, पण क्षणभरच. खोबऱ्याचा तुकडा चघळत साहेब म्हणाले, "छान! आता टोकन दाखवा."

मास्तरांचा चेहरा त्यांच्या कोटाइतका पांढरा झाला.

"मास्तर," मी त्यांच्या कानाशी लागलो, "गोळा देवळात गेलाय. आईच्या पिशवीतून."

मास्तरांनी सायकलची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, टोकनाआधी नियम वाचून दाखवायचा नियम आहे." आणि त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं.

मी अशी सायकल मारली की वाटेतल्या कोंबड्या दोन्ही बाजूंना उडाल्या! देवळात शिरलो तर गाभाऱ्यात आई हात जोडून उभी, शैला डोळे पुसतेय आणि देवीपुढे खणावर, तांदळाच्या ओंजळीत, हळदीकुंकू लावलेलं रेल्वेचं टोकन!

"आई, हे काय केलंस?"

"आलास?" आई गहिवरून म्हणाली. "तोंडानं विश्वास नाही म्हणतोस आणि गुपचूप नवस बोलतोस! नारळ काढून त्याच्या जागी धातूचं फळ ठेवलंस, तेव्हाच मी ओळखलं. प्रमोशनचा आहे ना नवस?"

"अगं, नवस कसला! ते टोकन आहे!"

"मी विचारलं होतं," सोनल शांतपणे म्हणाली, "शेंडी असते का."

सगळा प्रकार ऐकल्यावर आईचा चेहरा असा उतरला की मला साहेबापेक्षा तिचीच भीती वाटली. मी गोळा उचलायला वाकलो. पुजाऱ्यानं हात आडवा धरला.

"वो दादा, हात नका लावू. देवीला वाह्यलेलं हाय. देवीला नारल द्या आन् मंग गोला न्या."

एक आत, तरच दुसरं बाहेर! देवीसुद्धा मोडक मास्तरांच्याच नियमानं चालत होती.

"पण नारळ तर साहेबानं फोडला!" मी ओरडलो. दारातली फुलवाली जेवायला घरी गेलेली. दुकानं दुपारची बंद. तिकडे मास्तरांचा नियम किती पानांचा होता, मला माहीत नव्हतं. मी चक्क देवळाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसलो.

तेवढ्यात ओटी भरायला आलेली गावातली एक म्हातारी जवळ आली. हिरवं लुगडं, हातात नारळाचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं.

"घे रं माजा. माजी देवी हितंच हाय, मी उंद्या देन. पन मना ती आगगाडीची मशीन दाव. गावात म्हातारी झाले, पन गाडी कवा जवलून नाय बगली."

मला तिच्या पायाच पडावंसं वाटलं. पण आईनं दरडावलं, "आधी देवीच्या पाया पड. आणि नारळ तुझ्या हातानं ठेव!"

मी ठेवला. हात जोडले आणि खरं सांगतो, मनात म्हटलं, 'बाई, साहेबाला तेवढं थांबव.' आईनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. तिचा राग तिथेच संपला.

परतीच्या प्रवासात पुढे मी, कॅरिअरवर म्हातारी, तिच्या मांडीवर हळदीकुंकू लावलेला गोळा आणि मागून धावत तीन डबे. शेडमधून मास्तरांचा घोगरा आवाज येत होता : "...आणि धुकं पडलं असता..." साहेब खुर्चीत बसून गुंगले होते. मास्तरांनी मला पाहिलं आणि पुस्तक असं मिटलं की साहेब दचकून जागे झाले.

"टोकन हजर!" मी म्हणालो.

साहेबांनी गोळा हातात घेतला. "ह्याला कुंकू कोणी लावलं?"

"शुभारंभ," मी म्हणालो. त्या दिवशी मला एवढा एकच शब्द येत होता.

गोळा खडखडत यंत्रात गेला. टण् करून घंटा वाजली. ती घंटा ऐकून मास्तर मटकन खुर्चीवर बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. साहेबांनी यादीखाली लिहिलं, 'वस्तू पूर्ण व सुस्थितीत', आणि झोकदार सही ठोकली. मला इतकं हायसं वाटलं की मी फोडलेल्या नारळाचं उरलेलं सगळं खोबरं एकट्यानं खाऊन टाकलं.

मास्तरांनी म्हातारीला पांढरा कोट घालायला दिला आणि घंटा वाजवू दिली. तिनं ती चांगली दहा वेळा वाजवली. मग साहेबांना विचारलं, "आन् खरी गाडी कवा येनार हितं?"

"येईल, आजी. काम चाललंय."

"मंग मी ऱ्हाते तवर जित्ती," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मास्तरांनी मला मुद्दाम बोलावणं पाठवलं. संग्रहालयात नवी वस्तू आली होती. मी हौसेनं सगळ्या कुटुंबाला घेऊन गेलो. टोकनाच्या यंत्राशेजारी काचेच्या पेटीत, मखमलीवर, नारळाची एक करवंटी ठेवलेली होती. खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. सोनलनं ती मोठ्यानं वाचून दाखवली :

"'हे टोकन नव्हे. ओळखण्याची खूण : टोकनाला शेंडी नसते. (ही सूचना फक्त एका ड्रायव्हरसाठी आहे.)'"