बकरीच्या पोटातल्या वाती

घरात नवा कापूस आला की मला सासूच्या लाख वाती आठवतात. ऐंशीनंतरची गोष्ट, सौंसरला मी नवी सून होते. माझ्या नवऱ्याचा टायफॉइड उतरला म्हणून सासू नवस फेडत होती. एका वातीला एक रामनाम, आणि मधे दुसरा शब्द तोंडातून गेला तर त्या दिवसाच्या वाती बाद. त्या दुपारी ती ओसरीवर वाती वळत होती, समोर जरा लांब वातींनी भरलेलं सूप होतं. गुडघ्यांमुळे तिला झटकन उठता येत नसे. मी आत भाकरी थापत होते. एकाएकी तिच्या जपाचा आवाज एवढा वाढला की शेजारीण कुंपणावरून डोकावली. म्हातारीला देव दिसला असं समजून मी पिठाच्या हातानंच बाहेर आले आणि तिच्यापुढे हात जोडून बसले. ती माझ्या मागे डोळे वटारून राम राम ओरडत होती, म्हणून मीही ओरडू लागले. शेवटी ती म्हणाली, "अवं येडे, मांगं पाह्य. बकरी वाती खाऊन राहिली." सूप रिकामं होतं. शेजारीण म्हणाली, "बोलल्या न काकू तुम्ही. आजच्या वाती गेल्या." "गेल्या कुठं? बकरीच्या पोटात त हायेत," सासू म्हणाली. संध्याकाळी तिनं आधी देवाला ओवाळलं, मग बकरीला, आणि त्या वाती लाखात धरल्या. आता मीही वाती वळताना नाव घेते, पण बकरी दिसली की आधी तिला हाकलते. देव थांबतो, बकरी थांबत नाही.