जिवंत पेशींचं दार

ताईंच्या सवयी ठरलेल्या. पेशी वाढवायचं उबदार कपाट उघडण्याआधी बोटाने टकटक करणे. अंगठी काढून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवणे. सुट्टीच्या दिवशीही येऊन पेशींना खाऊ घालणे, कारण "त्यांच्या पोटाला रविवार नसतो." आणि कुठल्याच कामाला 'झालं' न म्हणणे. त्याऐवजी ताई म्हणायच्या, "दिसतंय तरी तसं."

ताई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. मी साहित्य शिकलेली, तिथल्या अहवालांची भाषा शुद्ध करायला ठेवलेली. चहाच्या टेबलावर आमची गट्टी जमली.

स्तनाच्या कॅन्सरवरचं एक औषध पेशीच्या उंबरठ्यावरच अडत होतं. म्हणून त्याला प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा जोडला होता. पेशीचं आवरण ओलांडून आत शिरणं, एवढंच त्याचं काम. माग लागावा म्हणून हिरवा रंग लावलेला. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी आतून हिरव्यागार दिसल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी केक मागवला.

ताईंच्या धाकट्या बहिणीला हाच आजार होता. तरी त्यांनी केकला हात लावला नाही.

"सर, आपण पेशी रसायनात मारून मग बघतो. मेलेल्याचं दार उघडंच असतं. बाहेर चिकटलेलंही आत घुसतं. जिवंत पेशींत बघू या."

"अहो, बहिणीसाठी तरी खूश व्हा!"

"तिच्यासाठीच म्हणतेय."

मग जिवंत पेशी घेतल्या. बाहेर चिकटलेलं सगळं धुऊन काढलं. ताईंनी बराच वेळ डोळा लावला. मग हाक मारली, "या साहित्यिक, उपमा सुचतेय का बघा."

मी वाकले. बहुतेक पेशी काळ्या. मग एकीत हिरवा ठिपका. दुसरीत तीन. ते हलत होते. पेशी जिवंत होती आणि औषध तिच्या आत फिरत होतं.

उपमा विसरून मी मान वर केली.

"आत गेलं, ताई?"

"दिसतंय तरी तसं."

खात्रीसाठी प्रयोगाच्या तीन खेपा, हा त्यांचा नियम. दुसऱ्या खेपेलाही ठिपके आले. हे औषध रोग्यांपर्यंत पोचायला कितीतरी वर्षं लागतील, बहिणीला ते मिळणार नाही, हे त्या जाणून होत्या. तरी मोजत राहिल्या.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, तुझ्या त्या कपाटातल्या पोरींना आज उपाशी ठेव. माझ्याकडे ये."

ताईंनी अंगठी घातली. मला म्हणाल्या, "खाऊ तेवढा घालून घ्या हो कुणाकडून तरी." आणि गेल्या.

ताई अजून परतलेल्या नाहीत. सर म्हणतात, दोन खेपा पुरेत, 'सिद्ध झालं' असं लिहून टाक. अहवाल माझ्यासमोर आहे. तिसऱ्या खेपेच्या ओळीत ताईंच्या अक्षरात त्या दिवसाची तारीख. पुढचे रकाने कोरे.