वच्छलाबाई जिथं थांबायच्या

रुपराव सोनकुसरे यांना गप्प बसता येत नाही. हा त्यांचा दोष नाही, पेशा आहे. ऐन तारुण्यात उमरेडचा घरचा हातमाग सोडून ते झाडीपट्टीत गावोगाव मंडप टाकून नाटकं करणाऱ्या एका मंडळीत प्रॉम्प्टर झाले. म्हणजे विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. नऊ वर्षं वाक्यं पुरवली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं एसटीच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. त्यामुळे समोरचा बोलताना थांबला की यांचा जीव कासावीस होतो. गल्लीत आपण "अरे ते हे... काय ते..." म्हणेस्तोवर रुपरावजी "कुकरची शिटी!" म्हणून मोकळे. आणि ते बरोबर असतं, हा खरा त्रास.

लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं विचारलं की ते चहा मागवतात.

मागच्या महिन्यात शेजारचा प्रशिक त्यांच्याकडे आला. हा कॉलेजात शिकवतो आणि सुटीच्या दिवशी प्रायोगिक नाटकं करतो. त्याच्या मागच्या नाटकात एक माणूस पाऊण तास संत्रं सोलत होता. शेवटी ते त्यानं खाल्लंही नाही. यंदा त्यानं दोनशे वर्षांपूर्वीची एक विलायती भयकादंबरी घेतली होती. एक डॉक्टर मेलेल्या माणसांचे तुकडे शिवून नवा माणूस उभा करतो आणि त्याचं तोंड पाहून पळून जातो. मग तो शिवलेला बिचारा जन्मभर, मला कोणीतरी आपलं द्या, म्हणत फिरतो. ही गोष्ट झाडीपट्टीनं पस्तीस वर्षांपूर्वीच रंगवली होती, हे प्रशिकला कळलं. नाव होतं 'मुडदा मागे कुंकू'. त्यात चार गाणी होती, एक विनोदी कंपाउंडर होता, आणि त्या नाटकाची उरलेली एकुलती वही रुपरावजींच्या पेटीत होती. प्रशिक ती घेऊन गेला आणि त्यानं तेच नाटक बसवलं. कंपाउंडर तेवढा काढला.

"भाऊ, रविवारी दुपारी नाटकाले चालता का?" रुपरावजींनी मला विचारलं. "तीन तिकिटं घेतली."

"तिसरं कोणाचं?"

"वच्छलाबाईचं. सावनेरले असतात. भाचीच्या हातानं पाठवून देल्लं."

वच्छलाबाई त्या नाटकात डॉक्टरची वाग्दत्त वधू व्हायच्या. शेवटच्या अंकात मुडदा तिच्या खोलीत येतो आणि विचारतो, "तुला माझी भीती नाही वाटत?" तिनं म्हणायचं, "वाटते. पण तू जाऊ नकोस." नेमकं हेच वाक्य बाई प्रत्येक प्रयोगात विसरायच्या. सगळं नाटक तोंडपाठ, इथं मात्र विंगेकडे पाहत उभ्या. रुपरावजींनी वहीत तिथं लाल पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती.

"मंग त्याईचं लगन जमलं," ते म्हणाले. "वडशाच्या स्टँडवर पोचवाले मीच गेलो होतो. पेटी वर चढवली. बाई खाली उभ्या. काही बोलतच नाही. गाडी सुटाले आली. मी म्हणलं, 'बरं, निघा आता, जागा भरून जाईन.' त्या बोलल्या, 'बरं, निघते.'"

"आणि?"

"आणि गेल्या."

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

रविवारी आम्ही सदर भागातल्या हॉलात पोचलो ते नाटकाच्या सव्वा तास आधी. रुपरावजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि अत्तर इतकं लावलं होतं की पुढच्या रांगेतले दोघं जागा बदलून गेले. मधल्या खुर्चीवर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा अंथरला.

"काकाजी, ही खाली आहे का?" एकानं विचारलं.

"येऊन राहिल्या आहेत."

तिसरी घंटा झाली. दिवे गेले. दुपट्टा तसाच.

नाटकाबद्दल मी अधिकारानं बोलू शकत नाही, कारण सबंध पहिला अंक रुपरावजी दाराकडे पाहत होते आणि मी रुपरावजींकडे. मुडदा मात्र बरा होता. किंचाळला, शिवण उसवल्यासारखा चालला, आणि "मला कोणीतरी द्या" म्हणाला तेव्हा एवढा धिप्पाड माणूस बसस्टँडवर चुकलेल्या पोरासारखा दिसला. रुपरावजींनी दुपट्ट्याचं टोक उचलून डोळे पुसले आणि टोक परत नीट अंथरलं.

शेवटचा अंक. नवरीची खोली. मुडद्यानं विचारलं, "तुला माझी भीती नाही वाटत?"

नवरी गप्प.

आता झालं होतं असं, की वहीतली ती लाल फुली प्रशिकला दिसली होती. जुन्या लोकांनी इथं मुद्दाम शांतता ठेवली होती, असं समजून त्यानं ती चांगली मिनिटभर ताणली. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी दचकलो असतो. दुपट्ट्यापलीकडे रुपरावजींचे हात खुर्चीवर घट्ट झाले. दहा सेकंद. वीस सेकंद. पोरगी वाक्य विसरली! नऊ वर्षांची नोकरी त्यांच्या गळ्यात उभी राहिली आणि झाडीपट्टीच्या मंडपात मागच्या पडद्यापर्यंत पोचणारी ती कुजबूज हॉलभर पसरली:

"वाटते..."

लोक वळले. कोणीतरी "शूऽऽ" केलं. प्रशिकनं विंगेत डोकं धरलं असावं.

आणि अगदी शेवटच्या रांगेतून एक बाईचा आवाज आला, थकलेला, पण शब्दाला शब्द नीट लावणारा:

"पण तू जाऊ नकोस."

रुपरावजी वळले नाहीत. पडदा पडेपर्यंत ते समोर पाहत राहिले.

बाहेर पायरीवर त्या उभ्या होत्या. राखाडी केसांचा लहानसा अंबाडा, जांभळं पातळ, हातात कापडी पिशवी. बस उशिरा पोचली, म्हणून दारवाल्यानं अंधारात मागेच बसवलं होतं.

"रुपरावजी, तुमची खोड अजून गेली नाही," त्या म्हणाल्या.

"पोरगी विसरली न वो!"

"विसरली नाही. थांबली होती." मग पिशवीचे बंद नीट करत म्हणाल्या, "मी बी कवाच नाही विसरली. मले तुमच्या तोंडून ते वाक्य आयकाचं असे. बस."

रुपरावजींनी रिक्षाला हात केला.

आम्ही तिघं रिक्षानं स्टँडवर गेलो. वाटेत संसाराची विचारपूस झाली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा सून चांगले, गुडघे वाईट. सावनेरची गाडी लागलेलीच होती. दोन कामगार धावत चढले. वच्छलाबाई दाराशी आल्या, एक हात दांड्यावर ठेवला आणि वळून उभ्या राहिल्या.

काही बोलेनात.

मी रुपरावजींकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ज्यानं या शहराला गाडीत चढवलं, त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. ओठ हलत होते. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. "मावशी, चढता का? खोळंबा होऊन राहिला!"

रुपरावजींनी दुपट्टा तोंडावर धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याची शांतता दुसऱ्याकडेच राहू दिली.

वच्छलाबाईंनी दांडा सोडला.

"जाऊ दे गा," त्या कंडक्टरला म्हणाल्या. मग रुपरावजींना विचारलं, "यामागची कितीले आहे जी?"

सावनेरच्या झाडून सगळ्या गाड्या रुपरावजींना झोपेतही पाठ आहेत.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. "टाइमटेबल बदललं असन."

मी चहा आणायला गेलो. कँटीन समोरच होती, मी लांबची शोधली. परतलो तेव्हा बाकावर दोघांच्या मध्ये तो दुपट्टा नीट घडी करून ठेवलेला होता. सावनेरची गाडी लागली, भरली, निघून गेली. दोघांनी ती पाहिली, आणि दोघंही बाकावरून उठले नाहीत.